एचआयव्हीचा संपर्क झाला असेल अशी भीती वाटतेय? आधी गोळी, मग हिशोब

रात्रपाळीत रक्त काढताना सुई बोटात शिरली. कंडोम फाटल्याचं सगळं उरकल्यावर लक्षात आलं. दारूच्या नशेत काय झालं ते नीटसं आठवत नाही, पण पोटात गोळा आलाय. कुणीतरी जबरदस्ती केली. यांतलं काहीही घडलं असेल आणि त्याला अजून ७२ तास झाले नसतील, तर हा लेख पूर्ण वाचत बसू नका. उठा, रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात किंवा एचआयव्ही उपचार केंद्रात जा आणि सरळ सांगा, "मला एचआयव्हीचा संपर्क झाला असण्याची शक्यता आहे, पेप सुरू करायचंय." उरलेलं वाटेत वाचता येईल.

पेप म्हणजे पोस्ट एक्स्पोजर प्रोफिलॅक्सिस. विषाणूशी संपर्क झाल्यानंतर, पण तो शरीरात रुजण्याआधी घ्यायची औषधं. रोज घ्यायची, २८ दिवस घ्यायची आणि ७२ तासांच्या आत सुरू करायची.

पेप असतं हे आता बऱ्याच जणांना ठाऊक असतं. तरीही तास वाया जातात, कारण मन हिशोबात अडकतं. आधी त्याला विचारून बघू. तिचा रिपोर्ट येऊ दे. आज रविवार आहे, उद्या ओपीडी उघडली की जाऊ. कुणी ओळखीचं भेटलं तर? या एकाही प्रश्नाचं उत्तर पहिल्या गोळीच्या आधी मिळायची गरज नसते. सुरू केलेलं औषध गरज नाही असं कळलं की थांबवता येतं. न घेतलेली गोळी मात्र चौथ्या दिवशी घेऊन भागत नाही.

७२ तासच का

विषाणू जखमेतून किंवा योनी, गुदद्वार, डोळे, तोंड यांच्या आतल्या नाजूक आवरणातून शिरला की लगेच अंगभर पसरत नाही. सुरुवातीला तो शिरला त्याच जागच्या पेशींमध्ये घुटमळतो. तिथून दोन-तीन दिवसांत लसिकाग्रंथींपर्यंत पोचतो आणि तिथे त्याला हव्या असलेल्या सीडी-४ पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) थव्याने सापडतात. पेशीत शिरल्यावर तो आपल्या आरएनएची, म्हणजे स्वतःच्या जनुकीय द्रव्याची, डीएनए प्रत काढतो आणि ती प्रत पेशीच्या स्वतःच्या डीएनएमध्ये घुसवतो. अशा पेशींचा साठा तयार झाला की आजची औषधं तो दाबून ठेवू शकतात, पुसून टाकू शकत नाहीत.

पेपची औषधं याच वाटेवर नाकाबंदी करतात. टेनोफोविर आणि लॅमिव्ह्यूडिन (किंवा तिच्याऐवजी एमट्रिसिटाबिन) प्रत काढू देत नाहीत, डोल्युटेग्रॅविर काढलेली प्रत घुसवू देत नाही. मोकळ्या विषाणूला ही औषधं मारत नाहीत. त्याला पुढच्या पेशीत घर करू देत नाहीत, आणि तेवढ्यात शरीर उरलेला माल संपवतं. म्हणूनच नाकाबंदी लवकर लागावी लागते आणि महिनाभर टिकावी लागते.

१९९८ साली प्रसिद्ध झालेल्या माकडांवरच्या प्रयोगात हे स्पष्ट दिसलं. एचआयव्हीच्या भावकीतला विषाणू टोचल्यावर २४ तासांत टेनोफोविर सुरू करून २८ दिवस दिलेली माकडं वाचली. सुरुवात उशिरा झाली किंवा औषध काही दिवसांतच थांबवलं, तिथे संरक्षण ढासळत गेलं. माणसांबाबतचा सगळ्यात जास्त सांगितला जाणारा पुरावा १९९७ चा. सुई टोचलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासल्या तेव्हा झिडोव्ह्यूडिन हे एकच जुनं औषध घेतलेल्यांमध्ये लागणीची शक्यता सुमारे ८१ टक्क्यांनी कमी आढळली. आजचं तीन औषधांचं मिश्रण त्याहून ताकदवान आहे आणि सोसायलाही सोपं. तरीही पेप शंभर टक्के खात्री देत नाही. ते फसतं तेव्हा कारण बहुधा तीनांपैकी एक असतं: उशिरा सुरुवात, चुकलेल्या गोळ्या, किंवा त्याच महिन्यात पुन्हा झालेला संपर्क.

७२ तास हे शेवटचं टोक आहे. "अजून दोन दिवस हातात आहेत" असा त्याचा अर्थ लावू नका. दुसऱ्या तासाला घेतलेली गोळी सत्तराव्या तासाच्या गोळीपेक्षा कितीतरी बरी.

पहिली काही मिनिटं

सुई टोचली किंवा कापलं तर जागा साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा. बोट दाबून रक्त पिळून काढू नका, तोंडात घालून चोखू नका. ब्लीच, स्पिरिट, आयोडीन असलं जहाल काही ओतू नका. त्याने विषाणू जात नाही, कातडी मात्र सोलली जाते आणि दार आणखी उघडतं.

डोळ्यात रक्त उडालं तर स्वच्छ पाण्याने किंवा सलाइनने डोळा सावकाश धूत राहा. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर धुताना ती तशीच राहू द्या, नंतर काढून साफ करा. तोंडात गेलं असेल तर थुंका आणि पुन्हापुन्हा चुळा भरा.

संबंधानंतर बाहेरून धुवायला हरकत नाही. योनीत किंवा गुदद्वारात आतपर्यंत पाण्याचा फवारा मारणं किंवा औषधी द्रावण घालणं टाळा, कारण आतलं आवरण खरचटतं.

जबरदस्ती झाली असेल तर एक वेगळी गोष्ट. पुढे तक्रार करायची थोडीशीही शक्यता वाटत असेल तर, जमलं तर, अंघोळ न करता त्याच कपड्यांत रुग्णालयात जा, नाहीतर ते कपडे कागदी पिशवीत घालून सोबत न्या. अंघोळ केली असेल तरी हरकत नाही, जाच. उपचार आणि तक्रार या दोन वेगळ्या वाटा आहेत. तक्रारीचा निर्णय होईपर्यंत गोळी थांबवून ठेवायची नसते.

धोका खरंच झालाय का?

हे डॉक्टरांनी ठरवायचं असतं, पण भीतीला थोडा आकार यावा म्हणून सांगतो. एचआयव्ही रक्त, वीर्य, योनीस्राव, गुदद्वारातला स्राव आणि आईचं दूध यांतून पसरतो. रुग्णालयात काम करणाऱ्यांसाठी यात मेंदूभोवतीचं, सांध्यांतलं, फुप्फुसाभोवतीचं, पोटातलं आणि गर्भजल अशी पाणीही धरायची. थुंकी, घाम, अश्रू, लघवी, शौच, उलटी यांत रक्त दिसत नसेल तर त्यातून एचआयव्ही पसरत नाही. मिठी मारणं, एका ताटात जेवणं, एकच संडास वापरणं, डास चावणं यांसाठी पेप लागत नाही. धडधाकट कातडीवर रक्त सांडलं तरीही लागत नाही, धुतलं की झालं.

समोरच्याला एचआयव्ही आहे आणि तो उपचार घेत नाही असं धरलं, तर अशा प्रत्येक १०,००० संपर्कांमागे साधारण किती जणांना लागण होते याचे अंदाज असे. गुदसंबंधात आत घेणाऱ्या जोडीदाराला १३८, आत घालणाऱ्याला ११. योनीसंबंधात स्त्रीला ८, पुरुषाला ४. नशेसाठी एकच सुई वापरणाऱ्यांत ६३. रुग्णालयात सुई टोचली तर सुमारे २३. मुखमैथुनात धोका फारच कमी असतो.

आकडे वाचून दोन प्रकारची माणसं चुकतात. एक म्हणतो, दहा हजारांत चारच ना, जाऊ दे. दुसरा १३८ वाचून रात्रभर झोपत नाही, पण रुग्णालयातही जात नाही. हे आकडे सरासरी आहेत. जोडीदाराला नुकतीच लागण झाली असेल, दोघांपैकी कुणाला गुप्तरोगाचे व्रण असतील, किंवा सुई पोकळ, जाड, रक्ताने माखलेली आणि खोल शिरलेली असेल, तर धोका बराच वाढतो.

उलट बाजूही आहे. एचआयव्ही असलेली व्यक्ती नियमित औषधं घेत असेल आणि तिच्या रक्तातला व्हायरल लोड (विषाणूचं प्रमाण) तपासणीत सापडू नये इतका खाली टिकून असेल, तर लैंगिक संबंधातून तिच्याकडून लागण होत नाही. हे मोठ्या अभ्यासांतून पक्कं झालं आहे. अशा जोडीदाराचा कंडोम फाटला म्हणून पेपची गरज पडत नाही. सुई टोचण्याला मात्र हा नियम आंधळेपणाने लावू नका, तिथे डॉक्टरांना विचाराच.

रस्त्यावर पडलेली सुई पायात घुसली तर लोक फार घाबरतात. बाहेर पडलेल्या सुईतलं रक्त वाळलेलं असतं आणि विषाणू शरीराबाहेर फार तग धरत नाही. अशा वेळी पेप सहसा सुचवत नाहीत. धनुर्वाताचं इंजेक्शन आणि कावीळ ब ची लस यांबद्दल मात्र विचारा.

डॉक्टरांसमोर

लाज वाटेल, तरी चार गोष्टी स्पष्ट सांगा: घटना किती वाजता घडली, नेमका कसला संपर्क झाला, समोरच्याबद्दल काय माहीत आहे, आणि तुम्ही सध्या कोणती औषधं घेता. संबंध कुणाशी आणि का, याचं स्पष्टीकरण देणं तुमच्यावर बंधनकारक नाही. कुणी उपदेश सुरू केलाच तर ऐकून सोडून द्या आणि विचारा, पहिली गोळी किती वाजता मिळेल?

एकाच ठिकाणी नकार मिळाला म्हणून घरी परतू नका. "इथे हे औषध नसतं" असं उत्तर आलं तर कुठे असतं ते विचारा, किंवा त्या डॉक्टरांनाच एचआयव्हीतज्ज्ञांशी फोनवर बोलायला सांगा.

सुरुवातीला तुमची एचआयव्ही तपासणी होईल. आज झालेला संपर्क ती दाखवू शकत नाही, आधीपासून लागण होती का एवढंच सांगते. ते कळणं गरजेचं असतं, कारण आधीच लागण असेल तर २८ दिवसांवर थांबायचं नसतं, थेट उपचार पुढे चालू ठेवायचे असतात. पण या तपासणीच्या निकालासाठी पहिली गोळी अडवून ठेवू नये. सोबत क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), यकृताची तपासणी, कावीळ ब आणि क, गरज असेल तिथे गर्भधारणा, आणि लैंगिक संपर्क असेल तर सिफिलिस, गोनोरिया, क्लॅमिडिया.

यातल्या कावीळ ब कडे लोक दुर्लक्ष करतात आणि मला ते सगळ्यात खटकतं. सुईतून हा विषाणू एचआयव्हीपेक्षा कितीतरी सहज पसरतो आणि त्याची लस आहे. लस झालेली नसेल तर पहिला डोस त्याच भेटीत, शक्यतो २४ तासांच्या आत घ्या. जोडीला इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागेल का ते डॉक्टर ठरवतील. आणि तुम्हाला कावीळ ब आधीपासून असेल तर ते औषधं सुरू करण्याआधीच सांगा. टेनोफोविर आणि लॅमिव्ह्यूडिन त्या विषाणूलाही दाबतात. २८ दिवसांनी अचानक थांबवल्यावर तो उसळू शकतो आणि यकृताला त्रास होऊ शकतो. अशा माणसाने पेप घेऊ नये असं नाही, पण संपवताना देखरेख हवी.

कावीळ क वर लस नाही आणि प्रतिबंधक गोळीही नाही. लागण झालीच तर काही आठवड्यांच्या औषधाने ती बरी होते, म्हणून तिची तपासणी वेळेवर करायची.

नको असलेली गर्भधारणा टाळायची असेल तर आपत्कालीन गर्भनिरोधकाबद्दल त्याच वेळी विचारा. डोल्युटेग्रॅविरमुळे त्या गोळीचा असर कमी होत नाही. गरोदर बाईलाही पेप देता येतं. लहान मुलांना वजनाप्रमाणे देतात. बाळ अंगावर पीत असेल तर ते आवर्जून सांगा, कारण आईला नव्याने लागण झाली तर त्या काळात दुधातून विषाणू जाण्याचा धोका मोठा असतो.

निघण्याआधी एक प्रश्न: मला आज किती दिवसांच्या गोळ्या मिळाल्या? जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला पूर्ण २८ दिवसांच्या गोळ्या एकदम द्याव्यात असा आहे, पण अनेक ठिकाणी तीन किंवा सात दिवसांचं पाकीट देऊन पुन्हा बोलावतात. पुढचं पाकीट कुठून, कोणत्या तारखेला घ्यायचं ते कागदावर लिहून घ्या. बरेच कोर्स याच सांध्यात तुटतात.

२८ दिवस

आजकाल बहुतेक ठिकाणी तिन्ही औषधं एकाच गोळीत मिळतात. दिवसातून एक, ठरलेल्या वेळी, जेवणाआधी किंवा नंतर कशीही चालते. झोप उडत असेल तर सकाळी घ्या. पहिले काही दिवस मळमळ, डोकेदुखी, थकवा, थोडं पोट बिघडणं होऊ शकतं आणि ते बहुधा आपोआप ओसरतं. अंगावर पुरळ, डोळे पिवळे, लघवी गडद, सततच्या उलट्या असं काही झालं तर मात्र डॉक्टरांना गाठा. स्वतःच्या मनाने औषध बंद करू नका, बदलून मिळतं.

छातीत जळजळ झाली की लोक सहज घेतात ती ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियमची ॲसिडिटीची औषधं डोल्युटेग्रॅविर पोटातच बांधून ठेवतात. पेपची गोळी त्यांच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर घ्या. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांनाही हेच अंतर ठेवा, किंवा दोन्ही जेवणासोबत एकत्र घ्या. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनचं प्रमाण या काळात शरीरात वाढतं, तेव्हा त्या डोसबद्दल विचारा. क्षयरोगाचं रिफाम्पिसिन किंवा फिट्सची कार्बामाझेपिन, फेनिटॉइन चालू असतील तर हे सांगितल्याशिवाय रुग्णालय सोडू नका.

गोळी चुकली तर आठवेल तेव्हा लगेच घ्या. पुढच्या दिवशी दोन घेऊन भरपाई करू नका. सलग दोन दिवस चुकलं तर पुढे चालू ठेवण्यात अर्थ आहे का ते डॉक्टरच सांगतील, त्याच दिवशी फोन करा.

ओळखीच्या एचआयव्हीबाधित माणसाच्या गोळ्या गुपचूप मागून घेणारेही असतात. रुग्णालयात तोंड दाखवायची लाज, दुसरं काय. पण प्रत्येकाचं मिश्रण वेगळं असतं. नेव्हिरापिनसारखं जुनं औषध पेप म्हणून घेतल्यावर निरोगी माणसांच्या यकृताला गंभीर इजा झाल्याची उदाहरणं आहेत. शिवाय त्या माणसाच्या स्वतःच्या गोळ्या कमी पडतात ते वेगळंच.

समोरची व्यक्ती तपासणीला तयार असेल तर तिच्या संमतीने तपासणी व्हावी. ती निगेटिव्ह निघाली आणि तिला स्वतःला अलीकडे धोका झालेला नसेल, तर डॉक्टर पेप थांबवू शकतात. नकार मिळाला तर पेप पूर्ण करायचं. तपासणीसाठी दबाव टाकत बसू नका.

या काळात, आणि शेवटच्या तपासणीपर्यंत, कंडोम वापरा, रक्तदान करू नका, सुई किंवा रेझर कुणाला देऊ नका. पेप चालू असताना पुन्हा संपर्क झाला तर केंद्राला कळवा, औषधाचे दिवस वाढवावे लागू शकतात.

तपासणी कधी, कोणती

संपर्कापासून तपासणीत लागण दिसेपर्यंतच्या मधल्या काळाला विंडो पिरियड म्हणतात आणि तो तपासणीनुसार बदलतो. विषाणूचं जनुकीय द्रव्य शोधणारी एनएटी तपासणी १० ते ३३ दिवसांत लागण पकडते. प्रयोगशाळेतली चौथ्या पिढीची तपासणी विषाणूचं पी-२४ प्रथिन आणि शरीराची प्रतिपिंडं (विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिनं) दोन्ही शोधते, तिला १८ ते ४५ दिवस लागतात. फक्त प्रतिपिंडं शोधणाऱ्या तपासण्यांना २३ ते ९० दिवस लागतात. बोटातून रक्त घेऊन केलेल्या बऱ्याच रॅपिड टेस्ट आणि घरी करायच्या किट याच गटात येतात.

हे आकडे पेप न घेतलेल्यांचे. औषधाने विषाणू अर्धवट दबला असेल तर प्रतिपिंडं उशिरा बनू शकतात. म्हणून पेप घेतलेल्यांनी सुरुवातीच्या तपासणीनंतर ४ ते ६ आठवड्यांनी एक आणि संपर्कापासून १२ आठवड्यांनी एक अशा तपासण्या कराव्यात. काही ठिकाणचे नियम सहाव्या महिन्यातली आणखी एक तपासणी सांगतात, विशेषतः संपर्कात कावीळ क चीही लागण झाली असेल तर. तुमचं केंद्र सांगेल तसं करा. दोन्ही तारखा आजच मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाका. गोळ्या संपल्या की माणूस सुटल्यासारखा वागतो आणि शेवटची तपासणी राहून जाते.

याच्या उलट टोकाला दर आठवड्याला रॅपिड टेस्ट करणारी मंडळी. दहाव्या दिवसाच्या निगेटिव्हचा उपयोग नाही, सतराव्याचाही नाही, आणि प्रत्येक वेळी निकालाची रेघ उमटेपर्यंत जीव टांगणीला. ठरलेल्या तारखेची एक चांगली तपासणी अशा दहांपेक्षा जास्त सांगते.

लक्षणांवरून निदान होत नाही. नव्या लागणीत २ ते ४ आठवड्यांनी ताप, घसा दुखणं, पुरळ, गाठी येणं, तोंडात फोड असं होऊ शकतं. साध्या विषाणूजन्य तापातही हेच होतं आणि काळजीनेही अंग मोडून येतं. अनेकांना लागण होऊन एकही लक्षण दिसत नाही. तरी या काळात ताप आणि पुरळ एकत्र आले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता केंद्रात दाखवा आणि पेप घेतल्याचं सांगा.

एखादी तपासणी रिअ‍ॅक्टिव्ह, म्हणजे लागण असावी असं दाखवणारी, आली तर तो अंतिम निकाल नसतो. वेगळ्या पद्धतीच्या तपासण्यांनी खात्री करूनच पॉझिटिव्ह म्हणतात. खात्री झाली तर उपचार लगेच, शक्य तर त्याच दिवशी सुरू होतात. लवकर सुरुवात केलेल्या आणि गोळ्या न चुकवणाऱ्या माणसाचं आयुर्मान इतरांच्या जवळपास जातं.

पुन्हा गरज पडेल असं वाटत असेल तर

जोडीदार एचआयव्हीबाधित आहे आणि त्याचा व्हायरल लोड अजून खाली आलेला नाही. कंडोम दर वेळी जमत नाही. वर्षात दुसऱ्यांदा पेप घ्यावं लागलं. अशांनी प्रेपबद्दल विचारावं. ही धोक्याच्या आधीपासून घ्यायची औषधं. रोजची गोळी आहे, दोन महिन्यांतून एकदा घ्यायचं कॅबोटेग्रॅविरचं इंजेक्शन आहे, आणि २०२५ मध्ये लेनाकापाविर या सहा महिन्यांतून एकदा घ्यायच्या इंजेक्शनचीही जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केली. कुठे काय मिळतं ते केंद्रात कळेल. हे बोलणं पेपची शेवटची गोळी संपण्याच्या आठवडाभर आधी करा, म्हणजे तपासणी करून अठ्ठाविसाव्या दिवसानंतर मध्ये एकही दिवस मोकळा न सोडता प्रेपवर जाता येतं.